दोन नंबरचा धागा

टॉवेलच्या लूमला दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जाड रूळ, लागतात. एक खालच्या विणीचा आणि दुसरा, ज्या धाग्याचे फासे टॉवेलवर उभे राहतात त्याचा. भरलेला बीम चढवायला चार माणसं हवीत. ऑगस्ट २०२३ मधल्या त्या सोमवारी आम्ही तिघंच होतो, बाकीचे श्रावणी सोमवार म्हणून आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराला गेलेले. गिऱ्हाइकाचा माल अडला होता, म्हणून चौथा खांदा मी दिला. ‘खांदा देणे’ आपल्याकडे कशासाठी म्हणतात ते तेव्हा सुचलं नाही. वय छप्पन्न, साखर अकरा वर्षांची जुनी. बीम जागेवर बसता बसता माझ्या बाजूने सरकला आणि मी तो ताणलेल्या उजव्या हाताने सावरायला गेलो. खांद्याच्या आत जुनं धोतर फाडावं तसं काहीतरी झालं. आवाज ऐकला की नुसता जाणवला, ते आजही सांगता येत नाही.

जॉबर मामांनी बीम धरला. जॉबर म्हणजे लूम लावणारा, दुरुस्त करणारा. आमचे तेलुगू, गेली तीस वर्षं घरातले सगळे त्यांना मामाच म्हणतात. “मालक, हात खाली घ्या,” म्हणाले. हात आधीच खाली आला होता. वर राहतच नव्हता.

फाटलं होतं ते रोटेटर कफ, खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या शिरांचा पट्टा. पण हा शब्द मी पुढचे चार महिने ऐकला नाही. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, “शुगर आहे ना? मग फ्रोझन शोल्डर,” आणि खांद्यात इंजेक्शन दिलं. तीन-तीन आठवड्यांनी अशी तीन दिली. प्रत्येक इंजेक्शननंतर दहा-पंधरा दिवस बरं वाटायचं आणि साखर मात्र तीनशेच्या वर जाऊन बसायची. ही इंजेक्शनं स्टेरॉइडची असतात, एखाद्याने दुखणं उतरतं, पण वरचेवर घेतली तर शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणखी कमजोर होते, हे मला नंतर कळलं. मधल्या काळात एका हाडवैद्याकडून तेल लावून हात खेचूनही घेतला. त्याबद्दल मी बायकोला अजून पूर्ण खरं सांगितलेलं नाही.

सगळ्यात त्रास रात्रीचा. दिवसा हात अंगाशी धरून काम चालायचं. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही, डाव्या कुशीवर झोपलं तर उजवा हात पुढे लोंबतो आणि खांद्यातून कळ निघते. आंघोळीला तांब्या डोक्यावर नेता येईना. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. डाव्या हाताने उजवा हात उचलला तर तो थेट कानाला लागायचा. सोडला की पडायचा.

डिसेंबरमध्ये भावाने ओढत दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. हे खांद्याचंच काम जास्त करतात. त्यांनी माझा हात स्वतः उचलून वर नेला, पुरा गेला. “आता मी सोडतो, तुम्ही सावकाश खाली आणा.” सोडल्याबरोबर हात धाडकन मांडीवर आला. मग दोन्ही हात समोर करून अंगठे जमिनीकडे वळवायला लावले, जणू ग्लासातलं पाणी ओततोय, आणि वरून दाबलं. डावा टिकला, उजवा पत्त्याच्या बंगल्यासारखा. “फ्रोझन शोल्डर असता तर माझ्याच्यानंही तो वर गेला नसता,” ते म्हणाले. “सांधा गोठला की कुणी उचलला तरी हात अडतो. तुमचा अडत नाही, उचलणारी दोरी तुटलीय.” एवढी साधी परीक्षा. दोन मिनिटं लागली. त्या चार महिन्यांचा राग मला अजून येतो.

एमआरआय झाला. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं, ते मी जपून ठेवलंय. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. बशी उथळ, म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच लिंबू घसरायला टपलेलं. खांद्याच्या फऱ्यापासून चार स्नायू निघतात, त्यांची टोकं चपट्या शिरा होऊन लिंबाला पुढून, वरून आणि मागून बिलगतात, सदऱ्याच्या कफासारखी. हात उचलायचं ढोर काम वरचा मोठा गोल स्नायू करतो, पण लिंबू बशीच्या मधोमध धरून ठेवायचं काम या चौघांचं. माझी वरची शीर, सुप्रास्पायनेटस, हाडापासून पूर्ण सुटली होती आणि तिच्या मागच्या इन्फ्रास्पायनेटसचाही थोडा काठ गेला होता. फाट पावणेतीन सेंटीमीटर. एक सेंटीमीटरच्या आत ती लहान, तीनपर्यंत मध्यम, पाचपर्यंत मोठी आणि त्यापुढे प्रचंड, असा हिशोब. म्हणजे मी मध्यमच्या शेवटच्या बाकावर.

पण त्यांना फाटीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. शीर तुटली की स्नायू रबरासारखा आत ओढला जातो, आणि बिनकामाचा पडून राहिला की त्यात चरबी भरते. गुटालिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९९४ साली याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या पाडल्या. तिसऱ्या पायरीला मांस आणि चरबी निम्मं निम्मं, चौथ्याला चरबीच जास्त. ही भरलेली चरबी ऑपरेशननंतरही सहसा मागे हटत नाही. मी दुसऱ्या पायरीवर होतो. “अजून सहा महिने थांबला असता तर मी कदाचित शिवायला नाहीच म्हटलं असतं. फाटकं शिवता येतं, विरलेलं नाही,” असं ते म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपल्या धंद्याची भाषा बोलतोय.

त्याच दिवशी बाहेर बाकावर अक्कलकोटकडच्या एक आजी बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचीही शीर फाटलेलीच, त्यांना मात्र व्यायाम देऊन परत पाठवलं. वयाने झिजून फाटलेली शीर पुष्कळांना फारसा त्रासच देत नाही, उरलेल्या तिघांना व्यायामाने तयार केलं तर हात बऱ्यापैकी चालतो. माझी अपघाताने तुटलेली, वय कामाचं, म्हणून शिवायची. आणि समजा शिवण्याच्याही पलीकडे गेली असती, सांधाही झिजला असता, तर बशीच्या जागी लिंबू आणि लिंबाच्या जागी बशी असा उलटा सांधा बसवतात. ग्रामाँ नावाच्या फ्रेंच सर्जनने १९८५ साली ही युक्ती काढली. त्यात कफ नसला तरी वरचा मोठा स्नायू एकटा हात उचलतो. ऐकून मी चाटच पडलो.

घाई नको म्हणून पुण्याला दुसरं मत घेतलं. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालो, भिगवणच्या आसपास पाण्यावरचे पक्षी बघत. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, शिवाच. फरक पडला तो कसं शिवायचं यात, आणि दोन शहाणी माणसं एकाच कापडाला दोन प्रकारे टाके घालायला सांगतात म्हटल्यावर मी त्यात गुंतून पडलो.

पुण्याचं म्हणणं एकेरी ओळ. हाडात अँकर नावाचे छोटे स्क्रू एका रांगेत बसवायचे, त्यांच्या डोक्यातले धागे शिरेतून काढून गाठी मारायच्या. काम लवकर होतं, खर्च कमी. सोलापूरचं म्हणणं दुहेरी ओळ, त्यातही पुलाची पद्धत. दोन अँकर आत, लिंबाच्या गुळगुळीत भागाच्या कडेला. त्यांचे धागे शिरेतून वर काढायचे, शिरेवरून तिरपे एकमेकांना छेदत बाहेर न्यायचे आणि हाडाच्या बाहेरच्या बाजूला आणखी दोन अँकर ठोकून त्यात अडकवायचे. बाजेच्या सुतळीसारखी जाळी शिरेवर येते. शीर हाडाला जिथे चिकटलेली असते तो मूळ ठसा चांगला दीड-एक सेंटीमीटर रुंद असतो. एकेरी ओळीत ती एका रेषेवर धरली जाते, पुलाच्या पद्धतीत पूर्ण ठशावर दाबून बसते. मग सगळ्यांचीच दुहेरी का नाही करत? कारण लहान फाटीत दोन्हींचे रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी सारखाच हात उचलतात. तीन सेंटीमीटरच्या पुढे मात्र दुहेरी ओळीत शीर पुन्हा फाटायचं प्रमाण कमी दिसतं. मी नेमका कुंपणावर. शेवटी निर्णय मी माझ्या पद्धतीने केला. टॉवेलचा काठ आम्ही एका शिलाईवर कधी सोडत नाही.

“डॉक्टरसाहेब, धागा किती काउंटचा?” मी विचारलं.

“दोन नंबर.”

मला हसू आलं. आमच्यात काउंट जितका कमी तितकं सूत जाड, दोन काउंट म्हणजे सुतळीच. त्यांनी मुदत संपलेल्या पाकिटातला वीतभर तुकडा दिला. अर्धा मिलीमीटर जाड असेल, पॉलिएथिलीनचे तंतू गुंफून केलेला, निळा. कारखान्यात आणून मामांच्या हातात ठेवला. मामांनी नखावर ओढून पाहिला, दातात धरला, दोन्ही मुठींना गुंडाळून हिसका दिला. बोटाला वळ उठला, धागा तसाच. “मालक, याचा टॉवेल केला तर नातू पण वापरतील,” म्हणाले. पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. “धागा तुटत नाही, हे खरं. गाठही सहसा सुटत नाही. जिथे धागा शिरेतून जातो तिथे शीर कापली जाते. आमची शिवण फसते ती कापडात फसते.” आणि पुढे, “म्हणून जास्त ओढायचंही नाही. आतल्या ओळीला गळफास बसला तर शीर शिवणीच्या आतल्या बाजूला फाटते, आणि ते दुरुस्त करणं पहिल्यापेक्षा अवघड.” हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. ताणा जास्त कसला की तार फणीजवळ तुटते, हे मी दहाव्या वर्षी शिकलो.

साखर मात्र आडवी आली. तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात ती एचबीए१सी, नवाच्या वर होती. अशा साखरेत शीर हाडाला नीट चिकटत नाही, जखम चिघळायची भीती, खांदा आखडायची भीती वेगळीच. “आठच्या खाली आणा, मग तारीख.” भात बंद, चहातली साखर बंद, आणि ऐन हुरड्याच्या दिवसांत कोवळी ज्वारीसुद्धा मोजून. तंबाखू मी खात नाही, नाहीतर तीही सोडायला लावली असती. गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा, मी त्या वर्षी हात झोळीत घालून पाहिली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी टेबलावर गेलो.

मानेच्या बाजूला, सोनोग्राफीत बघत, नसांभोवती इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत उजवा हात माझा राहिला नाही. डाव्या हाताने चाचपला तर दुसऱ्याच कुणाचा तरी गरम, जड हात माझ्या अंगावर ठेवल्यासारखा. वरून पूर्ण भूलही दिली. अर्धवट बसलेल्या अवस्थेत, समुद्रकाठच्या खुर्चीत बसवावं तसं बसवून ऑपरेशन करतात. काही सर्जन कुशीवर झोपवून, हाताला वजन टांगून करतात. पावणेदोन तास लागले, दुर्बीण आणि हत्यारं आत घालायला अर्धा-पाऊण सेंटीमीटरची पाच भोकं. शुद्धीवर आलो तर उजवी पापणी अर्धी मिटलेली, आवाज बसलेला आणि श्वास पुरा भरत नाहीये असं वाटणारा. बायको घाबरली. हे तिन्ही त्या मानेतल्या इंजेक्शनचे पाहुणे. आजूबाजूच्या नसांवर औषध पसरतं, श्वासाच्या पडद्याची एक बाजू काही तास सुस्त होते. आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि झालेलं यात अंतर असतं. खांदा आणि मान फुग्यासारखी टरारलेली, कारण आत नीट दिसावं म्हणून सलाईनचं पाणी सतत सोडत असतात. ती सूज दुसऱ्या दिवशी ओसरली.

पहिल्या रात्री माझी चूक झाली. नर्स म्हणाली होती, “काका, हात जागा व्हायच्या आधी गोळी घ्या, नंतर नको.” हाताला काहीच कळत नव्हतं, मग गोळी कशाला, म्हणून मी ती उशीखाली ठेवली. रात्री दोनला बोटांत मुंग्या आल्या. अडीचला खांद्यात कुणीतरी पाना घालून नट पिळायला सुरुवात केली. तीनला मी बायकोला उठवून म्हणालो, टाके काढायला सांग यांना. ती गोळी तेव्हा घेतली आणि ती लागू व्हायला पहाटेचे साडेचार झाले.

घरी आल्यावर सहा आठवडे पट्टा. साधी झोळी नव्हे. कंबरेला एक उशी बांधायची, तिच्यावर कोपर, हात अंगापासून थोडा दूर. असा हात ठेवला की शिरेवर ताण कमी येतो. झोप आरामखुर्चीत, कोपराखाली सोलापुरी चादरीची घडी. जेवण डाव्या हाताने. मऊ भाकरी एका हाताने मोडत नाही, हे त्याआधी कधी लक्षात आलं नव्हतं, म्हणून बायकोने कडक भाकरी सुरू केल्या. आमटीत कुस्करायला बऱ्या. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की पुजारी आधी तोंडाकडे बघायचा, मग पट्ट्याकडे.

रात्री खुर्चीत झोप येत नसे तेव्हा डाव्या अंगठ्याने फोनवर वाचत बसायचो. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ साली अशी तुटलेली शीर शिवली आणि १९११ मध्ये ते छापून प्रसिद्ध केलं. हा माणूस विलक्षण. स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ मध्ये घरी सोडलेल्या ३३७ रुग्णांमध्ये आपल्या हातून १२३ चुका झाल्या, हे स्वतःच छापलं. मला त्या तीन इंजेक्शनांची आठवण झाली. पुढे १९४४ मध्ये मॅकलॉफलिन यांनी हाडात चर पाडून, बोगद्यांतून धागे ओवून शीर हाडात बसवायची रीत मांडली. त्या काळी वरचा मोठा स्नायू उघडून आत जावं लागे. नव्वदच्या दशकात दुर्बीण आणि अँकर आले, भोकांतून काम होऊ लागलं, आणि २००६ च्या सुमारास आलेली ही पुलाची पद्धत म्हणजे मॅकलॉफलिनचाच दाब, बोगदे न खोदता.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनची चित्रफीत पेनड्राइव्हवर दिली. बायको बघायला तयार नव्हती. मी आणि मामांनी कारखान्यात, दुपारच्या सुट्टीत लूम बंद असताना पाहिली.

पांढरंशुभ्र, ओलं, चकचकीत हाड. त्याच्यावर काठ सुटलेल्या टॉवेलसारखी शीर, दशा पाण्यात हलतायत. एक फिरतं पातं येतं, दशा साफ करतं. दंडाच्या पुढच्या स्नायूची एक दोरी सांध्यातून जाते, तीही चुरगळलेली निघाली, ती कापून सोडून दिली. आधी विचारलं होतं, म्हणून दंडावर आता थोडा फुगवटा आहे. वरच्या हाडाचा एक छोटा काटा घासला. १९७२ साली निअर नावाच्या सर्जनने सांगितलं की हा काटाच शीर फाडतो, मग कितीतरी वर्षं तो सर्रास घासत, आता गरज असेल तरच. मग शीर जिथे चिकटवायची ते हाड खरवडलं, आणि त्यातून लाल ठिपके उमटायला लागले. मामा म्हणाले, “रक्त काय मुद्दाम काढतायत?” हो, मुद्दाम. शिरेला स्वतःचा रक्तपुरवठा बेताचा, हाडाच्या आतलं रक्त आणि मज्जा वर आली की शीर हाडाला चांगली धरते.

अँकर पेचाने फिरत हाडात बुडाले, मागे धाग्यांच्या शेपट्या राहिल्या. निळी, पांढरी, पट्ट्यापट्ट्याची. रंग वेगळे यासाठी की आतल्या गुंत्यात कुठली तार कुणाची ते कळावं. मामांनी मान डोलावली, हे त्यांना पटलं. पक्ष्याच्या चोचीसारखा चिमटा शिरेचा घास घेई आणि पलीकडून धागा बाहेर येई, कडेपासून सेंटीमीटरभर आत. अगदी कडेला घास घेतला तर उसवणारच. गाठी बाहेर मारून एका दांडीने आत ढकलत होते. पहिली सरकगाठ, मग तिच्यावर उलटसुलट अर्ध्या गाठी. आम्ही ती गाठ तीनदा मागे नेऊन पाहिली. मामांनी सुताच्या तुकड्यावर जमवायचा प्रयत्न केला, दुसऱ्या खेपेला जमली. शेवटी धागे तिरपे ओढून बाहेरचे अँकर हातोडीने ठक ठक ठोकले आणि शीर हाडावर इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली. मामांनी चित्रफीत थांबवली, चित्र बोटांनी मोठं केलं. “इथं जरा ताण जास्त वाटतो,” म्हणाले. मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी ती जागा पाहिली आणि म्हणाले, “तुमचे मामा माझ्याकडे पाठवा.”

बिलाबद्दल एवढंच, की त्यात सगळ्यात मोठा आकडा चार अँकरचा होता. विमा असेल तर इम्प्लांटचे किती मिळतील ते लेखी विचारून ठेवा. आम्ही तोंडी विचारलं होतं.

पाचव्या आठवड्यात घोटाळा झाला. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आलं की घरात पळापळ. पुतण्याने भरलेली घागर ओट्याच्या कडेला ठेवली, ती कलंडली, आणि माझा उजवा हात पट्ट्यासकट पुढे गेला. बीम धरायला गेला तसाच. मेंदूला विचारायला वेळ नसतो. कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी. घागर पडली ती पडलीच. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पडद्यावर हाडाच्या कडेवर करडी शीर सलग दिसत होती. “शिवण आहे,” ते म्हणाले. शीर हाडाला धरायला साधारण तीन महिने घेते, तोवर भार फक्त धाग्यावर, म्हणून सहा आठवडे स्वतःच्या ताकदीने हात हलवायचा नाही आणि तीन महिने वजन उचलायचं नाही. हे आता मी दुसऱ्यांना सांगतो तेव्हा घागरीची गोष्ट आधी सांगतो.

एप्रिलमध्ये पट्टा निघाला आणि सोलापूरचा उन्हाळा बसला. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, आणि मी कमरेत वाकून, हात सोंडेसारखा लोंबता सोडून झुलवतोय. या झुलवण्याला कॉडमनचाच व्यायाम म्हणतात, ज्यांनी चुका छापल्या तेच हे. मग दारावर कप्पी. दुकानात मिळते, पण मी मोडीतल्या लूमची पुली खिळ्याला टांगली, सुती दोरी घातली. डाव्या हाताने ओढायचं, उजवा फुकटात वर. खांदा आखडला होताच, साखरवाल्यांचा हमखास आखडतो. मग भिंतीवर बोटं चालवत वर जायचं, जिथवर पोचेल तिथे पेन्सिलची खूण आणि तारीख. १२ एप्रिलची खूण माझ्या हनुवटीच्या पातळीला आहे, २० एप्रिलची तिच्यावर अर्धा इंच. त्यानंतर दहा दिवस एकही खूण नाही. कंटाळा आणि ऊन दोन्ही. जूनच्या शेवटची खूण कपाळाच्या वर गेली. यंदा रंग देताना ती भिंत सोडायला सांगितली, बायको अजून कुरकुरते.

फिजिओथेरपिस्ट पोरगी तेवीस-चोवीसची. रबरी पट्टा ओढायचा व्यायाम सुरू झाला तेव्हा म्हणाली, “काका, कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी धरा, पडू द्यायची नाही.” तिने दिलेल्या टॉवेलचा काठ मी उलटून पाहिला. आमचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सहा टॉवेल नेऊन दिले.

ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात तांब्या डोक्यावर गेला. हात आता कानापर्यंत जातो, पण पाठीमागे बनियन खोचायला अजून तिरका होतो. बीम मी उचलत नाही, चार माणसं आल्याशिवाय कुणीच उचलत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये त्याच जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाला, सम्मती कट्ट्याजवळ गर्दीत उभा होतो. नंदीध्वज आले, पांढऱ्या बाराबंद्यांची रांग, हर्र बोला हर्र. बायकोने माझ्या दोन्ही मुठींत अक्षता दिल्या. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ झालं, सगळे हात वर गेले, अक्षता उडाल्या.

“अहो, डाव्यानेच टाकल्या की,” बायको म्हणाली.

उजवी मूठ तशीच मिटलेली होती. पुन्हा तोच उच्चार झाला तेव्हा उजवा वर केला आणि टाकल्या. फार लांब गेल्या नाहीत. पुढच्या माणसाच्या टोपीवर पडल्या, त्याने मागे वळून पाहिलं.